अभिनय येत असल्यास अर्ज करू नये

कॅनडात कोक्विटलाममधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर कपडे धुण्याची एक सामायिक खोली आहे. दोन वॉशर, दोन ड्रायर, एक प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीवर सूचनांचा फलक. फलकावर बहुधा हरवलेल्या मांजरांची आणि विकायला काढलेल्या विंटर टायर्सची पत्रकं असतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिथे एक नवा कागद लागला. जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं: ‘वाचक हवा. आठवड्यातून एकदोनदा, दुपारी. स्पष्ट वाचता येणं आवश्यक. अभिनय येत असल्यास अर्ज करू नये.’ खाली फ्लॅटचा नंबर होता. तो आमच्याच मजल्यावरचा होता.

मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात बावीस वर्षं डेस्कवर काम केलं. नवऱ्याच्या कंपनीने त्याला इकडे पाठवलं तेव्हा राजीनामा दिला. इथे येऊन दीड वर्ष झालं होतं. सकाळी एका ग्रोसरी दुकानात शेल्फं भरत होते आणि दुपारी एकनंतर मला काही काम नव्हतं. जाहिरातीतल्या दोन्ही अटी मी पूर्ण करत होते. मी दार वाजवलं.

दार उघडणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या पुढचे होते. उंच, पाठीत किंचित वाकलेले, भुवया दाट पांढऱ्या. चेहरा पाहिल्यासारखा वाटला. इमारतीत सगळ्यांचं तसंच होई. लिफ्टमध्ये लोक त्यांच्याकडे पाहत, हसत आणि कुठे पाहिलंय ते न आठवून खाली उतरत. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. दोन छापील पानं हातात दिली आणि एका भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. समोर ट्रायपॉडवर फोन लावलेला होता.

‘‘वाच,’’ ते म्हणाले.

पुढे कळलं ते असं. छोट्या भूमिकांसाठी आता कुणी नटाला ऑफिसात बोलावत नाही. ईमेलने दोनतीन पानं येतात. नटाने घरीच, साध्या भिंतीसमोर, ती पानं करून व्हिडिओ पाठवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून कुणीतरी वाचायची असतात. त्या कुणीतरीला वाचक म्हणतात.

मी वाचलं, आणि सगळंच वाचलं. पात्रांची नावं वाचली, ‘तो खिडकीकडे जातो’ हे वाचलं, ‘क्षणभर शांतता’ हेही वाचलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला प्रुफं वाचायला बसवलं होतं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफ तपासायचं. वाचणाऱ्याने आवाज सपाट ठेवायचा, कारण भाव आला की ऐकणारा अर्थाच्या मागे जातो आणि चूक निसटते. मला मोठ्याने वाचण्याची ती एकच पद्धत माहीत होती.

ते खुर्चीवर बसले.

‘‘आधी काय करायचीस?’’

‘‘वर्तमानपत्रात होते.’’

‘‘मृत्यूच्या पानावर?’’

‘‘पहिल्या.’’

‘‘म्हणजे तेच. फक्त मेलेली माणसं मोठी.’’

आधीची वाचक अभिनय शिकणारी मुलगी होती, असं त्यांनी सांगितलं. एका प्रसंगात ती वाचता वाचता रडली. ‘‘बायको माझी मेली आणि रडली ही. काम बहुतेक तिलाच मिळालं असेल.’’

आम्ही इंग्रजीतच बोलत होतो; मी इथे मराठीत लिहिते आहे. पहिल्या महिन्यात त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नसे. त्यांचे उच्चार ग्लासगोजवळचे होते आणि पन्नास वर्षं कॅनडात राहूनही ते त्यांनी सोडले नव्हते. मी त्यांना सर म्हणत असे. ‘‘सर व्हायचं तर राणीपुढे गुडघा टेकावा लागतो,’’ ते म्हणाले. ‘‘माझा गुडघा वळत नाही, आणि राणीही गेली.’’ मी सर म्हणणं सोडलं नाही. त्यांनी मला चीफ म्हणायला सुरुवात केली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो नागपूरचाच. म्हणाला, ‘‘बाप्पा! म्हणजे तू म्हाताऱ्याला फुकटात पेपर वाचून दाखवणार?’’

‘‘पेपर नाही. डायलॉग.’’

‘‘माझ्याशी बोलताना जरा वापर मग एखादा.’’

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. टेप, म्हणजे तो व्हिडिओ, व्हायला वीस मिनिटं लागत आणि त्यानंतर चहा. चहाच्या वेळी ते आयुष्य सांगत. मी ते विचारून विचारून क्रमाने लावून घेतलं. वडील जहाजं बांधण्याच्या गोदीत वेल्डर होते. हेही सोळाव्या वर्षी त्याच गोदीत लागले. जेवणाच्या सुट्टीत फोरमनची नक्कल करत. तिथून कामगारांच्या क्लबांत गेले. शनिवारी संध्याकाळी लोक बिअर पीत बसलेले असत आणि एका कोपऱ्यात माइक घेऊन यांनी वीस मिनिटं हसवायचं. आवडलं नाही तर लोक पाठ फिरवून बसत; त्याहून नावडलं तर काही तरी फेकत. तिथला एक नियम त्यांनी मला दोनतीनदा सांगितला. विसरलास तर थांबू नकोस. थांबलेला विनोदवीर म्हणजे रस्त्यात पडलेला घोडा. तोंडात येईल ते बोल, पण हसव.

मग टीव्ही आला. तिथल्या एका कार्यक्रमात त्यांचा दर आठवड्याला पाच मिनिटांचा तुकडा असे. त्यानंतर एका दिग्दर्शकाने त्यांना गंभीर भूमिका दिली: मुलगा बुडाल्यावर गोदीत कामावर जाणारा बाप. दिग्दर्शकाची सूचना एवढीच होती की काही करू नका. तो चित्रपट त्यांच्या गावातल्या थिएटरात दाखवला तेव्हा ते मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर चेहरा दिसताच लोक हसले, कारण तो चेहरा हसण्याचाच होता. दुसऱ्या प्रसंगात थोडे कमी हसले. तिसऱ्यात एक बाई हसली आणि तिच्या शेजारणीने तिला गप्प केलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. ‘‘चीफ, चारशे माणसांना हसवणं मला रोजचं होतं. चारशे माणसं गप्प होताना मी पहिल्यांदा ऐकली. परत क्लबात गेलो नाही.’’

एका नाटकाच्या दौऱ्याबरोबर ते कॅनडात आले, इथे लग्न केलं आणि राहिले. मालिकांमधून त्यांना सार्जंट, पाद्री, दारूच्या गुत्त्याचा मालक, जहाजाचा कप्तान अशी कामं मिळत गेली. स्कॉटिश, आयरिश, एकदा रशियनसुद्धा. ‘‘या देशाला एकच म्हातारा परवडतो,’’ ते म्हणत. ‘‘तो मी.’’ बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती मुलगी एडमंटनला सरकारी नोकरीत होती.

ती दर रविवारी फोन करी. शिवाय अधूनमधून मी तिथे असतानाही करी आणि ते स्पीकर चालू ठेवत. त्यामुळे बापलेकीचा करार मला त्या दोघांच्याच तोंडून कळला. तिचं म्हणणं होतं की त्यांनी एडमंटनला यावं. तिच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी एक चांगलं निवास होतं. ते म्हणत, ‘‘तुझ्याकडे सहा महिने हिवाळा असतो आणि उरलेले सहा त्याची तयारी.’’

‘‘डॅड, मस्करी नको.’’

‘‘मला कामाला बोलावतात तोवर मी इथे आहे. बोलावणं बंद झालं की ये आणि ने.’’

‘‘प्रॉमिस?’’

‘‘प्रॉमिस. पण घोंगडी तुझी.’’

काम असेपर्यंत घर, असा तो सरळ करार होता. मी ज्या टेपा करायला मदत करत होते त्या कास्टिंगवाल्यांकडे जात होत्या, पण त्यांचा खरा हिशेब एडमंटनला लागत होता.

पहिली चूक मला एप्रिलमध्ये दिसली. एका पानावर चौदा वाक्यं होती. त्यांनी तेरा म्हटली. गाळलेलं वाक्य असं होतं की त्याच्याशिवाय पुढच्याला अर्थ नव्हता. मी खूण केली आणि सांगितलं. परत केलं, ते वाक्य आलं आणि दुसरं गळलं. विसरणारा नट पाठांतरात अडखळतो. ते अडखळत नव्हते. ते गुळगुळीत बोलत जात होते आणि मजकुरात भोकं पडत होती. तपासणाऱ्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

मेमध्ये ते एका शुक्रवारी दारात उभे होते आणि मला पाहून म्हणाले, ‘‘आज मंगळवार आहे हे मला माहीत आहे.’’ मी दुरुस्त केलं नाही. चहाच्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला.

‘‘चीफ, ऑफ द रेकॉर्ड.’’

‘‘बोला.’’

‘‘डॉक्टरकडे गेलो होतो. डिमेन्शिया म्हणाले. सुरुवात आहे. कुणाला सांगायचं नाही. तिला तर नाहीच.’’

आमच्या धंद्यात बरेच नियम मोडले जातात. हा मोडत नाहीत. समोरचा माणूस ते तीन शब्द बोलला की पेन खाली ठेवायचं, आणि ऐकलेलं कुणालाही सांगायचं नाही, संपादकालाही नाही. मंत्र्यांपासून चपराशांपर्यंत अनेकांनी ते शब्द मला ऐकवले होते आणि मी एकदाही चुकले नव्हते. त्यांनी ते शब्द कदाचित गमतीने वापरले असतील. समोर बातमी नव्हती, एक आजारी शेजारी होता, हा फरक मी त्या वेळी केला नाही. मी हो म्हटलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

जूनमध्ये मोठं काम आलं. किनाऱ्यावरच्या एका गावाची मालिका, सहा भाग, आणि त्यात तीस वर्षांनी परतलेल्या भावाशी न बोलणारा म्हातारा. पाद्री किंवा सार्जंट नव्हे. सहाही भागांत असणारा माणूस. पानं सात होती. त्यांनी चार दिवस पाठ केली. शुक्रवारी पहिल्या पानापलीकडे जाता येईना. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

‘‘हे मिळालं तर पुढचा उन्हाळा निघतो,’’ ते म्हणाले. ‘‘नाही मिळालं तर मी एडमंटनला घोंगडीत.’’

कल्पना माझी होती. डॉलर स्टोअरमधून पांढरे पुठ्ठे आणि काळा मार्कर आणला. त्यांची वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून ट्रायपॉडच्या दोन्ही बाजूंना, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवली. वाक्यं लिहिताना मथळा तोडतात तशी तोडली. तीन ओळींच्या मथळ्यात शब्द कुठे तोडायचा याचं एक तंत्र आहे: ओळ संपली की वाचणाऱ्याची नजर क्षणभर थांबते, आणि त्या थांबण्यात पुढच्या ओळीची ओढ असावी लागते. ते मला चांगलं येत होतं. त्यांनी पुठ्ठ्यावरून वाचलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची नजर पुढची ओळ शोधायला किंचित हलायची, आणि व्हिडिओत ती हालचाल माणूस बोलावं की बोलू नये याचा विचार करतोय अशी दिसायची. आम्ही ती टेप दोनदा पाहिली. ते म्हणाले, ‘‘इतका चांगला मी तरुणपणीही नव्हतो.’’

नऊ दिवसांनी फोन आला. काम मिळालं होतं. कास्टिंगच्या बाईंनी त्यांच्या विरामांचं खास कौतुक केलं होतं.

त्यांनी त्याच दिवशी मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ती आधी ओरडली, मग हसली. शेवटी म्हणाली, ‘‘ओके डॅड, यू विन.’’ मी समोर बसून चहा पीत होते.

बावीस वर्षांत मी एकही खोटी बातमी पानावर जाऊ दिली नव्हती. ती टेप खोटा कागद होता आणि तो मी तयार केला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

चित्रीकरण सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालं. नदीकाठच्या गोदामांच्या भागात स्टुडिओ आहे. रस्त्याच्या खांबांवर बाण काढलेले पिवळे फलक लावलेले असतात. त्यांनी वाचक सोबत हवी अशी विनंती केली होती आणि ती मान्य झाली होती. मी दुकानातून चार दिवस सुट्टी घेतली. पाऊस होता, बारीक. सेटवर एक स्वयंपाकघर उभारलेलं होतं. दोन भाऊ टेबलाशी बसतात, बस्स, एवढाच प्रसंग. पुठ्ठे लावायला कुठे जागा नव्हती. समोर दुसरा नट होता, त्याच्या मागे कॅमेरा, आणि सगळीकडे माणसं.

त्यांचं वाक्य होतं: तू आईच्या अंत्यविधीला आला नाहीस. मी दार उघडं ठेवलं होतं.

पहिल्या टेकला ते म्हणाले, ‘‘तू आईच्या अंत्यविधीला आला नाहीस.’’ मग थांबले. मला दिसलं की पुढे काही नाही. त्यांनी एक भुवई उचलली. ‘‘बरं केलंस. सँडविच संपले होते.’’

सगळे हसले. दिवे धरणारा माणूस मोठ्याने हसला. दिग्दर्शिका पस्तिशीची, शांत बोलणारी बाई होती. तीही हसली. म्हणाली, ‘‘फार छान. आता एकदा लिहिलंय तसं करू या.’’

दुसऱ्या टेकला ते म्हणाले, ‘‘तू आईच्या अंत्यविधीला आला नाहीस.’’ थांबले. भुवई. ‘‘बरं केलंस. सँडविच संपले होते.’’

आता निम्मे हसले. दिग्दर्शिका म्हणाली, ‘‘लिहिल्याप्रमाणे, प्लीज.’’

तिसऱ्या टेकला तेच, त्याच विरामासह, त्याच भुवईसह. वाक्य संपवून ते हसण्याची वाट पाहत थांबले. आपल्याला हे आताच सुचलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. चाळीसएक माणसं होती. हीटरचा आवाज ऐकू येत होता. दिवे धरणारा माणूस जमिनीकडे पाहत होता.

वाक्य विसरल्यावर ते थांबले नव्हते. क्लबात शिकलेला नियम त्यांनी पाळला होता.

दुपारी जेवणाच्या वेळी दिग्दर्शिका माझ्याकडे आली. ‘‘टेपवर तर ते विलक्षण होते,’’ ती म्हणाली. ‘‘टेप कशी केली होतीत?’’

मला तिला उत्तर द्यायचं नव्हतं. पण पुठ्ठ्यांबद्दल मला कुणी काही ऑफ द रेकॉर्ड सांगितलं नव्हतं. ती माझीच करणी होती. मी म्हटलं, ‘‘त्यांच्यासमोर वाक्यं लिहिलेली होती.’’

‘‘सगळी?’’

‘‘सगळी.’’

तिने आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः एक छोटं यंत्र घेऊन आली, कानात बसणारं. बरेच वयस्क नट वापरतात, असं तिने त्यांना सांगितलं. मी दुसऱ्या खोलीत माइकसमोर बसून वाक्यं वाचायची, त्यांनी कानात ऐकून बोलायची. तिने तिच्या बाजूने जेवढं करता येईल तेवढं केलं.

मी वाचलं. पडद्यावर ते दिसत होते. ‘‘तू आईच्या अंत्यविधीला आला नाहीस,’’ मी म्हटलं, आणि अर्ध्या सेकंदाने ते म्हणाले. ‘‘मी दार उघडं ठेवलं होतं.’’ तेही म्हणाले. शब्द सगळे बरोबर होते. पण आवाज माझा होता. माझी लय, माझं सपाट उतरणं, प्रुफाच्या खोलीतलं. वाक्यं पाठ नसलेल्या माणसाला कानात जसं पडतं तसंच तोंडातून बाहेर येत होतं. मी भाव घालून वाचायचा प्रयत्न केला. मला ते येत नाही. त्यांच्या तोंडून माझा खोटा हुंदका बाहेर आला. शेजारी बसलेल्या दिग्दर्शिकेने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

दुपारी आम्हाला घरी सोडलं. गाडीत ते खुशीत होते. ‘‘चांगलं झालं ना, चीफ? एकही वाक्य गाळलं नाही.’’

‘‘एकही नाही, सर.’’

‘‘उद्या किती वाजता?’’

त्या संध्याकाळी त्यांच्या एजंटचा फोन आला की वेळापत्रक बदललं आहे. दोन दिवसांनी दुसरा नट घेतल्याचं कळलं. त्यांना ते कळलं, पण टिकलं नाही. दर सकाळी ते तयार होऊन खाली लॉबीत बसत आणि गाडीची वाट पाहत. इमारतीची देखभाल पाहणाऱ्या सुपरने पाचव्या दिवशी मुलीला फोन केला. भाड्याच्या फॉर्मवर तिचा नंबर होता.

ती आली तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात सूप गरम करत होते. ते बाहेर खुर्चीत झोपलेले होते. ती वडिलांसारखीच उंच. कोट न काढता तिने विचारलं, ‘‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’’

‘‘मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून. त्यांनी सांगितलं. चुका एप्रिलपासून दिसत होत्या.’’

‘‘आणि मला सांगावंसं वाटलं नाही?’’

‘‘त्यांनी सांगू नको म्हटलं होतं.’’

‘‘ते आजारी आहेत! आजारी माणूस सांगू नको म्हणतो आणि तुम्ही ऐकता?’’ ती खुर्चीवर बसली. ‘‘जूनमध्ये माझ्या घराजवळच्या निवासात खोली मिळत होती. दोन ब्लॉकवर. चालत जाण्यासारखं. त्यांना काम मिळालं म्हणून मी सोडली. आता तिथे यादी आहे. आता मिळतेय ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे मजल्याला कुलूप असतं.’’

मी गॅस बंद केला. माझ्याकडे देण्यासारखं स्पष्टीकरण होतं, पण ते आमच्या धंद्याबद्दल होतं आणि तिचे वडील त्या धंद्यात नव्हते. मी म्हटलं, ‘‘चूक माझी आहे.’’ तिने मान हलवली. ते मान्य केलं की झटकलं, मला कळलं नाही.

सामान भरायला तिला तीन दिवस लागले. ते यायला तयार नव्हते. करार त्यांना शब्दशः आठवत होता. ‘‘मी कामावर आहे,’’ ते म्हणत. ‘‘गाडी यायची आहे.’’ एकदा त्यांनी दाराची कडी आतून लावून घेतली आणि ती कॉरिडॉरमध्ये वीस मिनिटं उभी राहिली. त्यानंतर तिने माझं दार वाजवलं.

‘‘तुमच्याकडे ती पानं कशी दिसतात ते आहे ना? वरचं हेडिंग, अक्षर वगैरे?’’

‘‘आहे.’’

‘‘मला दोन पानं लिहून द्या. एडमंटनमधलं काम. ते फक्त कामासाठी येतील.’’

नवरा घरीच होता. ती गेल्यावर तो म्हणाला, ‘‘आता हे पण करणार तू?’’

‘‘करते.’’

‘‘पहिल्यांदा केलं त्याचं काय झालं पाहिलंस ना?’’

‘‘पाहिलं.’’

त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि चहा ठेवायला गेला.

मी दोन पानं लिहिली. निवृत्त सार्जंट, मुलगी, आगगाडीचं स्टेशन. वर मालिकेचं बनावट नाव टाकलं आणि त्यांचं दार वाजवलं. त्यांनी दारातच उभं राहून वाचली, चष्मा कपाळावर सरकवून. ‘‘मुख्य भूमिका आहे का?’’

‘‘हो, सर.’’

‘‘शूटिंग कुठे?’’

‘‘एडमंटन.’’

‘‘थंडीचे पैसे वेगळे मागायला सांग.’’ त्यांनी कोट घातला. विमानात ते सगळा वेळ पानं पाठ करत होते, असं मुलीने नंतर कळवलं.

तेव्हापासून दर सोमवारी मी पानं पाठवते. मुलगी ती छापून नेते आणि दुसऱ्या पात्राची वाक्यं वाचते. पहिल्या महिन्यात त्यांच्या तक्रारी येत: लिहिणाऱ्याला माणसं कशी बोलतात ते माहीत नाही, सार्जंट इतका सज्जन नसतो, कुणाला तरी पादू दे. मी दुरुस्त्या करून पाठवत असे. जानेवारीत तिने लिहिलं की दोन पानं जास्त होतात, एक पाठवा. मार्चमध्ये लिहिलं, अर्धं. पाठ होत नाही म्हणून ते कागद फाडतात, आणि मग कामावरून काढतील म्हणून रडतात. तिथल्या नर्सने गेल्या आठवड्यात विचारलं की पानं बंद करायची का. मुलीने मला विचारलं. मी बंद केली नाहीत.

या सोमवारी पाठवलेल्या पानावर एकच प्रसंग आहे. सार्जंट खिडकीजवळ बसलेला आहे. त्याची मुलगी खोलीत येते, बाहेर बर्फ वितळल्याचं सांगते, मग आणखी बरंच काही बोलते. सार्जंटला वाक्य दिलेलं नाही. तो ऐकतो, असं लिहिलं आहे.